पेन्सिलीच्या खुणा

निवृत्त माणसाला अवेळी फोन येतो तो बहुधा दोनच कारणांनी. एक तर कुणी तरी गेलेले असते, नाहीतर कुणाला तरी समितीवर ‘बाहेरचा माणूस’ हवा असतो. २०२४ च्या उन्हाळ्यात मला आलेला फोन दुसऱ्या प्रकारातला होता. एका विद्यापीठाला (नाव सांगत नाही, थोड्याफार फरकाने सगळीकडे तेच चालू आहे) तासांची आणि परीक्षांची वेळापत्रके संगणकावर करण्याची नवी पद्धत आणायची होती. मी म्हटले, “अहो, मी बँकेतला माणूस. फार तर कादंबऱ्या लिहितो. माझा आणि वेळापत्रकाचा संबंध काय?” पलीकडून उत्तर आले, “सर, तुमच्या बँकेत लेजर जाऊन कॉम्प्युटर आला तेव्हा तुम्ही होतात ना? आम्हाला तेच हवंय. काय चुकतं ते आधी सांगणारा माणूस.”

काय चुकते ते सांगायला मी पात्र होतो खरा, कारण त्यातली एक चूक माझ्याच हातून झालेली आहे. ती पुढे सांगतो.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. १८६२ साली तिथून पहिले बी.ए. बाहेर पडले ते चार जण : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. त्या परीक्षेचे वेळापत्रक पोस्टकार्डाच्या एका कोपऱ्यात मावले असते. आमच्या पिढीच्या वेळेपर्यंत विद्यार्थी लाखांवर गेले, तरी वेळापत्रकाचे काम माणसाच्या आवाक्यात राहिले, कारण विषयांचे गट ठरलेले होते. इतिहासवाला मुलगा राज्यशास्त्र घेणार, फार तर अर्थशास्त्र घेणार. तो वाणिज्य शाखेच्या वाटेला जाणार नाही, हे गृहीतच होते. नवे शैक्षणिक धोरण २०२० साली आले. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून इतर संलग्न महाविद्यालयांत ते लागू झाले, आणि ही भिंत पडली. आता मुख्य विषय वेगळा, दुय्यम वेगळा, खुल्या निवडीचा विषय तर चक्क दुसऱ्या शाखेतला. त्याखेरीज कौशल्याचा, मूल्यशिक्षणाचा, भाषेचा असे छोटे छोटे विषय. इतिहासाची मुलगी हिशेबनीस होण्याचे प्राथमिक धडे घेऊ शकते, आणि ते मला तरी मनापासून आवडले. माझ्या वेळी अशी सोय असती तर मी बँकेत व्याजाची कोष्टके पाठ करण्याआधी थोडे मराठी साहित्य रीतसर शिकलो असतो.

पण या स्वातंत्र्याची किंमत कुणाला तरी भरावी लागते, आणि ती पहिल्यांदा भरतो वेळापत्रक करणारा माणूस.

वाचकांना ही अडचण समजावी म्हणून मी लग्नाच्या पंगतीचे उदाहरण घेतो. समजा, घरात कार्य आहे आणि नातेवाइकांत भांडणे आहेत. मामांचे काकांशी पटत नाही, काकांचे आत्याच्या यजमानांशी पटत नाही. एकमेकांशी न बोलणारे दोघे एका पंगतीला येता कामा नयेत. मग किती पंगती उठवाव्या लागतील? परीक्षेत प्रत्येक विषय हा एक नातेवाईक. ज्या दोन विषयांना एकही विद्यार्थी सामाईक आहे, त्या दोघांचे ‘भांडण’. कारण तो मुलगा एका वेळी दोन ठिकाणी बसू शकत नाही. पंगत म्हणजे परीक्षेची एक वेळ, सकाळची किंवा दुपारची. वेल्श आणि पॉवेल या दोघा गणितज्ञांनी १९६७ साली या कोड्यावर एक निबंध लिहिला. त्यांनी सांगितलेली रीत कुठल्याही अनुभवी यजमानीण बाईंना पटेल : ज्याची सर्वांत जास्त जणांशी भांडणे, त्याची जागा आधी ठरवा. जो सगळ्यांशी गोड आहे त्याला शेवटी कुठेही सरकवता येते.

पूर्वी भांडणे मोजकी होती. आता जवळजवळ प्रत्येकाचे प्रत्येकाशी आहे. त्यात भर एटीकेटीवाल्यांची. तिसऱ्या सेमिस्टरला बसलेल्या मुलाचा पहिल्या सेमिस्टरचा एखादा विषय राहिलेला असतो. तो एकटा मुलगा दोन वर्षांच्या वेळापत्रकांमध्ये नवे भांडण लावून देतो.

सगळ्या शक्यता तपासून सर्वांत चांगली निवडावी म्हणाल, तर तेही जमत नाही. फक्त वीस विषय आणि दहा वेळा घ्या. प्रत्येक विषय दहांपैकी कुठल्याही वेळी ठेवता येतो, म्हणजे एकावर वीस शून्ये इतक्या मांडण्या झाल्या. सेकंदाला एक अब्ज मांडण्या तपासणारे यंत्र आणले तरी त्याला तीन हजार वर्षांहून जास्त लागतील. विद्यापीठात विषय वीस नसतात, शेकड्यांनी असतात. एव्हेन, इताई आणि शामीर या तिघांनी १९७६ साली सिद्ध केले की, वेळापत्रकाचे साधे वाटणारे रूपसुद्धा गणितातल्या अत्यंत अवघड कोड्यांच्या पंक्तीत बसते. खात्रीने आणि झटपट उत्तर देणारी रीत त्यांपैकी एकाही कोड्याला आजवर सापडलेली नाही. यांतले आदी शामीर म्हणजे पुढच्याच वर्षी दोघा सहकाऱ्यांबरोबर ‘आरएसए’ ही गुप्तलेखनाची पद्धत शोधणारे शामीर. त्या नावातला ‘एस’ त्यांचा. संगणकांवरून चालणारे बँकांचे व्यवहार अशाच पद्धतींच्या कुलपांनी राखले गेले. ज्या माणसाने आमच्या तिजोरीच्या कुलपाचा विचार केला त्यानेच आधी शाळेच्या वेळापत्रकापुढे हात जोडले होते, हे समजल्यावर मला आमच्या भाऊंविषयी वाटणारा आदर दुणावला.

भाऊ म्हणजे परीक्षा विभागातले वरिष्ठ लिपिक. विद्यापीठातले झाडून सगळे, कुलसचिवांपासून चहावाल्यापर्यंत, त्यांना भाऊच म्हणत. पंचवीसेक वर्षे परीक्षांची वेळापत्रके त्यांनी केली. त्यांच्या खोलीत एका भिंतीवर चौकटी आखलेला भला मोठा कागद, त्याला टाचण्यांनी लावलेल्या रंगीत चिठ्ठ्या, आणि टेबलावर कापडी बांधणीची जाडजूड वही. निवृत्तीला वर्ष राहिले होते. त्यांच्यानंतर हे काम कोण करणार, या प्रश्नातूनच नव्या पद्धतीची गोष्ट निघाली होती. ती बसवून देण्यासाठी कंपनीने एक तिशीतली मुलगी पाठवली होती. हुशार, कामसू आणि (आजकाल दुर्मीळ असलेला गुण) ऐकून घेणारी. भाऊ तिला ‘ताई’ म्हणत, ती त्यांना ‘भाऊ’. मला दोघेही ‘सर’ म्हणत आणि माझे कुणी फारसे ऐकत नसे.

सुरुवात तासांच्या वेळापत्रकापासून झाली. वर्ग कमी पडतात ही प्रत्येक विभागाची तक्रार. ताईने सगळ्या खोल्यांची, बाकांची, तासांची माहिती यंत्रात भरली आणि पडद्यावर एक तक्ता काढला. अकरा ते दोन सगळ्या इमारतींत मुंगीला शिरायला जागा नाही, आणि तीननंतर निम्म्या खोल्या रिकाम्या. शिवाय काही खोल्या दिवसभर बंद, कारण त्यांची किल्ली एखाद्या विभागप्रमुखांच्या खणात. बैठकीत ताईने अगदी साधेपणाने विचारले, “ही खोली दुसऱ्या विभागाला का देता येत नाही?” दोन मिनिटे कुणी बोलले नाही. मग एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, “पहिल्यापासून तसंच आहे.” ती म्हणाली, “चालेल सर, पण यंत्राला ‘पहिल्यापासून’ असं कारण टाकता येत नाही. काही तरी नियम सांगा, मी लिहिते.”

त्या दुपारी मला यंत्राचे खरे मोल कळले. तासांच्या जुन्या वेळापत्रकात कितीतरी गोष्टी न बोलता ठरत. ज्येष्ठांना साडेअकरा ते दीडचे तास, म्हणजे जेवणही वेळेवर आणि वामकुक्षीही. आणि तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या तरुण प्राध्यापकांना एक तास सकाळी साडेसातचा, दुसरा दुपारी चारचा. मधला सगळा दिवस झाडाखाली. पैसे फक्त दोन तासांचे. हे कुणी दुष्टाव्याने केले होते असे नाही. जो बोलत नाही त्याच्या वाट्याला उरलेले येते, इतकेच. आता प्रत्येक सवलत नियम म्हणून लिहायची आणि खाली सही करायची म्हटल्यावर बऱ्याच सवलती आपोआप मागे घेतल्या गेल्या. ‘मला दुपारी झोप लागते’ हे कारण सहीनिशी द्यायला कुणी धजेना.

इथपर्यंत मी यंत्राचा भक्त झालो होतो. मग परीक्षेचे वेळापत्रक आले.

ताईने रात्रभर यंत्र चालवले आणि सकाळी कागद आणला. एकाही विद्यार्थ्याचे दोन पेपर एका वेळी नाहीत. एका दिवशी दोन पेपर येणारी मुले भाऊंच्या गेल्या वर्षीच्या मानाने कमी. परीक्षाही दोन दिवस आधी संपत होती. समितीत टाळ्या वाजल्या. भाऊंनी चष्मा पुसला, कागद वरून खाली वाचला आणि म्हणाले, “छान आहे. पण समाजशास्त्र दुपारी ठेवू नका. मराठीचा दुसरा पेपरही नको.”

“का भाऊ? क्लॅश तर नाही कुठे.”

“क्लॅश नाही. पण नको.”

कारण त्यांना चटकन सांगता येईना. मग त्यांनी ती कापडी वही उघडली. काही विषयांच्या नावांपुढे पेन्सिलीने बारीक खुणा होत्या. कुठे टिंब, कुठे फुली, कुठे नुसती आडवी रेघ. समाजशास्त्रापुढे फुली होती. हळूहळू सगळे बाहेर आले. डोंगराकडच्या दोन केंद्रांवर वरच्या वाड्यावस्त्यांतल्या मुली येतात, आणि त्यांतल्या बहुतेकींचे विषय हेच. दुपारचा पेपर साडेपाचला सुटतो. कॉलेजपासून स्टँड तीन किलोमीटर. वर जाणारी शेवटची एस.टी., मुक्कामाची गाडी, पावणेसहाला सुटते. ती चुकली की रात्र तालुक्याच्या गावी काढायची किंवा मिळेल त्या जीपला लटकायचे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका मुलीचा बाप भाऊंकडे आला होता. पोरगी पेपर अर्धा सोडून गाडीसाठी पळाली आणि नापास झाली, एवढेच सांगायला. काही मागायला आला नव्हता. भाऊंनी त्या दिवशी वहीत फुली केली, आणि तेव्हापासून तो विषय कधी दुपारी लावला नाही. हे कुणाला सांगितले नव्हते, कारण कुणी विचारले नव्हते.

आता माझी चूक सांगतो.

डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीचा बँकांच्या यांत्रिकीकरणावरचा अहवाल १९८४ साली आला तेव्हा मी नवखा कारकून होतो. पुढे शाखेत लेजर पोस्टिंगची यंत्रे आली, मग शाखेपुरते संगणक, आणि २००० नंतर कोअर बँकिंग. आमची शाखा कोअर बँकिंगवर गेली तेव्हा मी तिथे व्यवस्थापक होतो. सगळी खाती, शिल्लक, सह्यांचे नमुने यंत्रात चढवून, पैशाचाही फरक नाही अशा दाखल्यावर मी सही केली. फरक खरोखरच नव्हता. पण जुन्या लेजरच्या पानांवर समासात पेन्सिलीने लिहिलेल्या काही ओळी होत्या. एका निवृत्तिवेतनधारक आजींच्या पानावर लिहिले होते : ‘उजव्या हाताला लकवा. सही जुळणार नाही. माणूस ओळखून पैसे द्यावेत.’ ते लिहिणारा काउंटरवरचा जुना सहकारी कधीच बदलून गेला होता. समासातला मजकूर यंत्रात चढवायला रकाना नव्हता, आणि मी मागितला नाही. नवा मुलगा काउंटरवर बसला. पडद्यावरची सही आणि स्लिपवरची सही जुळेना. त्याने नियमाने स्लिप परत केली. आजी घरी गेल्या, पुन्हा आल्या, पुन्हा गेल्या. तिसऱ्या वेळी त्या बाकावर बसून राहिल्या आणि मला दिसल्या. मी बाहेर येऊन विचारले तर म्हणाल्या, “साहेब, माझं काही चुकलं का?”

पैसे त्या दिवशी मिळाले. पण तीन आठवडे ती बाई औषधाविना राहिली होती, आणि त्या दाखल्यावर सही माझी होती. मुलाची चूक नव्हती, यंत्राची तर नव्हतीच. यंत्राला आम्ही जे सांगितले ते त्याने तंतोतंत केले.

ही गोष्ट मी त्या बैठकीत सांगितली. बाहेरचा माणूस म्हणून माझा जो काय उपयोग झाला असेल तो एवढाच. ताईने लगेच फुलीचे रूपांतर नियमात केले : अमुक विषय, अमुक केंद्रे, फक्त सकाळी. पुन्हा यंत्र चालवले. वाचलेले दोन दिवस परत गेले.

मग वाद झाला. दोन दिवस म्हणजे सगळ्या केंद्रांवर पर्यवेक्षकांचे मानधन, गाड्या, पोलीस बंदोबस्त, आणि निकालही तितका लांबणार. एका सदस्यांनी विचारले, “मुली किती आहेत एकूण?” मोजल्या तर चाळीसही भरल्या नाहीत. “चाळीस मुलींसाठी सगळं विद्यापीठ दोन दिवस थांबवायचं?” हा प्रश्न निर्दयपणाचा नव्हता. हिशेब करणाऱ्याने तो विचारलाच पाहिजे. मीही आयुष्यभर असेच प्रश्न विचारत आलो आहे. कुणी सुचवले, पालक घ्यायला येतील. भाऊ म्हणाले, “पालक ऊसतोडीला गेलेले असतात हो त्या दिवसांत.” कुणी सुचवले, गाडीच उशिरा सोडायला सांगू. मी आणि भाऊ आगारात जाऊन आलो. आगारातल्या साहेबांनी चहा दिला आणि समजावून सांगितले की, तीच गाडी पहाटे दूध आणि शाळेची पोरे घेऊन खाली येते. चालक-वाहकाला रात्रीची विश्रांती मिळालीच पाहिजे आणि घाट अंधाराआधी चढायचा असतो. त्यांच्याही भिंतीवर चौकटी आखलेला कागद होता. भाऊंनी तो बराच वेळ पाहिला आणि परतताना म्हणाले, “चांगलं केलंय त्यांनी.”

परदेशातले जे थोडेफार वाचले त्यात अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचे काम मला पटले. तिथे या कामासाठी ‘युनिटाइम’ नावाची प्रणाली घडली. ती आज कुणालाही विनामूल्य घेता येते. त्यांनी मोठी व्याख्यानगृहे एका मध्यवर्ती कार्यालयाकडे दिली आणि लहान वर्गांचे काम ज्या त्या विभागाच्या जाणत्या माणसाकडेच ठेवले. आणखी एका गोष्टीवर या मंडळींनी बराच अभ्यास केला. वेळापत्रक जाहीर झाल्यावर काही बदलावे लागले, तर सर्वांत उत्तम नवे वेळापत्रक शोधायचे नाही; जुन्यात कमीत कमी हलवाहलव होईल असे शोधायचे. लोकांनी तोवर गाड्यांची तिकिटे काढलेली असतात, पोरांच्या शिकवण्या ठरवलेल्या असतात. उत्तमापेक्षा स्थिर बरे, हे आमच्याकडे सासू सुनेला सांगते. तेच तिकडे समीकरणे मांडून सांगितले आहे.

आमच्या समितीत मी आग्रह धरला तो आणखी जुन्या, बँकेतल्या शिरस्त्याचा. नवे यंत्र आले की काही काळ लेजर आणि यंत्र दोन्ही चालवायचे आणि रोज ताळा करायचा. कर्मचारी वैतागतात, दुप्पट काम पडते, पण चुका घरातच सापडतात. मुंबई विद्यापीठात २०१७ च्या उन्हाळी परीक्षेच्या सगळ्या उत्तरपत्रिका एकदम संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या. निकाल महिनोन्महिने रखडले, मुलांचे पुढचे प्रवेश अडले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. पडद्यावर तपासणे ही कल्पना वाईट नव्हती. ती एखाद्या लहान शाखेवर एक सेमिस्टर चालवून पाहायला काय हरकत होती, असे मला तेव्हाही वाटले होते आणि आजही वाटते. नव्याची घाई बहुधा ज्यांना रांगेत उभे राहायचे नसते त्यांना असते.

तर ठरले असे की, हिवाळी परीक्षेचे वेळापत्रक भिंतीवरही होईल आणि यंत्रातही. भाऊ चिठ्ठ्या टोचत, ताई आकडे भरत असे, आणि संध्याकाळी दोघे समोरासमोर बसून फरक काढत. दोघांच्याही चुका सापडल्या. भाऊंच्या मांडणीत एटीकेटीच्या काही मुलांचे दोन पेपर एका वेळी येत होते, आणि गेली काही वर्षे येतच असणार. ती मुले एक पेपर सोडून देत आणि पुन्हा फी भरत. कुणी तक्रार करायला आले नव्हते, म्हणून वहीत फुली नव्हती. हे समजल्यावर भाऊ त्या दिवशी डबा न खाता बसले. ताईच्या यादीत दोन केंद्रांची नावे सारखी असल्याने एका केंद्राची मुले दुसऱ्यात मिसळली होती. तेही भिंतीवरच्या कागदामुळे कळले.

दोन दिवसांचा वाद मतांवर गेला आणि फुली राहिली, एका मताने. ज्यांनी चाळीसचा आकडा विचारला होता त्यांनी विरोधात मत दिले आणि नंतर केंद्रांचे सुधारित परिपत्रक स्वतः लिहून दिले. पुढच्या वर्षी हा प्रश्न पुन्हा निघेल. खर्चाचे कागद तयार आहेत असे ऐकतो.

भाऊ निवृत्त झाले त्याच्या आदल्या आठवड्यात मी सहज गेलो होतो. भिंतीवरचा कागद उतरवला होता. तिथे फक्त टाचण्यांची भोके. ताई ती कापडी वही पुढ्यात घेऊन एकेका खुणेचा अर्थ विचारत होती आणि यंत्रात ‘कारण’ नावाचा रकाना मुद्दाम उघडून भरत होती. अमुक केंद्राच्या आवारात शुक्रवारचा बाजार भरतो, गोंगाट होतो. अमुक ठिकाणी पुराचे पाणी ऑक्टोबरातही पुलावर येते. एका विषयाचा पेपर तपासणारे सगळ्या विद्यापीठात दोघेच, म्हणून तो आधी. भाऊ सांगत होते, ती लिहीत होती.

एका खुणेपाशी भाऊ थांबले. भूगोलापुढे पेन्सिलीचे टिंब होते, पुसट झालेले. त्यांनी वही उजेडाकडे धरली, चष्मा काढून पाहिला, पुन्हा घालून पाहिला.

“नाही आठवत ताई. काही तरी होतं. आता नाही आठवत.”

“मग काढू का?”

भाऊ माझ्याकडे पाहू लागले. मी काय सांगणार?

“राहू दे,” ती स्वतःच म्हणाली, आणि ‘कारण’ या रकान्यात तिने टंकले : ‘भाऊंना विचारावे.’ पुढे त्यांचा घरचा फोन नंबर.